पाकिटावर तीन ओळी छापायला काय जाते?

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन झाले. नातवंडांनी ठरवले, सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे. गडद निळा रंग, छातीवर पिवळसर चंद्र आणि त्यातच खाली ‘आजी १०००’. छपाईवाल्याचा २० नगांचा दर ऐकला आणि मीच म्हणाले, घरी इंकजेट प्रिंटर आहे, इस्त्री आहे, घरीच उरकू. इथपर्यंतची चूक माझी. पुढची पाकिटाची.

स्टेशनरीच्या दुकानात ‘शर्टवर चित्र उठवायचा कागद’ मागितला. काउंटरवरच्या मुलाने पाच कागद घातलेली, स्टेपल मारलेली प्लास्टिकची पिशवी हातात दिली. वर फक्त किमतीचा स्टिकर. ‘सगळ्या कापडाला चालतो’ म्हणाला.

पहिला कागद उशीच्या जुन्या अभ्र्यावर करून पाहिला. चित्र सुरेख उठले, पण अक्षरे आरशात पाहावी तशी उलटी! हा कागद कापडावर पालथा घालून इस्त्री फिरवायची असते, म्हणून छापतानाच उलटे छापायचे, हे तेव्हा कळले. दुसरा कागद तसा छापला, निळ्या शर्टावर दाबला, सोलला. चंद्र गायब. बोट फिरवले की एक गुळगुळीत गोल तेवढा लागायचा. सासूबाईंनी चष्मा लावून शर्ट खिडकीशी धरला. म्हणाल्या, ‘हजार पौर्णिमा झाल्या म्हणता, मग ही अमावास्या कुठून आणलीत?’

त्याचे असे आहे की घरच्या प्रिंटरात पांढरी शाई नसतेच. चित्रातला पांढरा म्हणजे कागदाचाच पांढरा. मला मिळालेला कागद फिक्या कापडाचा. त्यावरचा, चित्रासकट कापडावर उतरणारा पापुद्रा पारदर्शक असतो, त्यामुळे खालचा गडद रंग चित्र गिळून टाकतो. गडद कापडाचा कागद निराळा. त्याचा पापुद्रा पांढरा आणि जाड. त्यावर चित्र सुलटेच छापायचे, मागचा कागद आधी सोलून टाकायचा, पापुद्रा सुलटा ठेवायचा आणि वर बटर पेपर घालून इस्त्री करायची. एकाची रीत दुसऱ्याच्या अगदी उलट, आणि छापायच्या बाजूने दिसायला दोन्ही पांढरेफटक.

मग गडद कापडाचे कागद आणले. ही पिशवीही कोरीच. त्यात घरच्या प्रिंटरची पिवळी शाई संपलेली, म्हणून एक कागद दिरांच्या ऑफिसातल्या लेसर प्रिंटरला घातला. लेसरमध्ये रंगाची भुकटी तापलेल्या रुळाने वितळवून कागदावर बसवतात. आमचा कागद इंकजेटचा, त्याचा पापुद्राच वितळून रुळाला चिकटला. जळक्या प्लास्टिकचा वास ऑफिसभर. मेकॅनिकने चिमट्याने कागदाच्या पट्ट्या ओढून काढल्या, रूळ बदलला. बिल दिरांनी दाखवले नाही, जाऊबाईंनी दाखवले.

शेवटी नवी शाई आणून घरीच छापले, एका कागदावर दोन चंद्र. इस्त्रीच्या टेबलाची गादी मऊ, दाब बसत नाही, म्हणून पाटावर जुनी चादर दुहेरी घातली. इस्त्रीची वाफ बंद केली. पुतण्याने प्रत्येक चंद्र कडेला लागून कापला, कारण न छापलेला पापुद्राही कापडावर चिकटतो आणि चित्राभोवती पांढरी चौकट दिसते. गोलाला कोपरे नसतात, त्यामुळे तीन धुण्यांनंतरही (उलटे करून, गार पाण्यात) कड सुटलेली नाही. मिरजेच्या उन्हात छातीवर मेणकापड बांधल्यासारखे होते, तो भाग वेगळा.

त्याच दुकानात मगवर फोटो उठवण्याचा सब्लिमेशनचा कागदही ‘टी-शर्टचा’ म्हणून ठेवलेला पाहिला. त्याला वेगळी शाई लागते आणि तो चालतो पॉलिएस्टरवर, तेही पांढऱ्या किंवा फिक्या. आमचे शर्ट शंभर टक्के सुती. तो घेतला असता तर तिसरी फजिती ठरलेली.

वैधमापनाच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे पाकीटबंद मालावर वस्तूचे नाव, उत्पादकाचा किंवा पॅक करणाऱ्याचा पत्ता, नग, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. मोठा गठ्ठा फोडून पाच-पाचच्या पिशव्या भरून ठेवणारा दुकानदारही यात आला. माझ्या दोन्ही पिशव्यांवर किमतीखेरीज यातले काहीही नव्हते. वैधमापन खात्याने वजनकाट्यांबरोबर कधी स्टेशनरीच्या दुकानांकडेही वळावे. पण कागद कोणत्या प्रिंटरचा आणि कोणत्या कापडाचा, हे नियमही विचारत नाही. मूळ गठ्ठ्यात माहितीपत्रक असेलही, ते दुकानातच राहते. मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की नियमाला पुरे. सोबत मराठी छापायला कोणाची मनाई नाही. ‘इंकजेटसाठी. गडद कापडासाठी. सुलटे छापा.’ एवढे पिशवीवर पेनने लिहून दिले असते तरी चालले असते.

फिक्या कापडाचे तीन कागद माझ्याकडे पडून आहेत. पिशवी फोडली म्हणून दुकानदार परत घेत नाही.

– एक वाचक, मिरज