मागवलेला लॉट एक, खोक्यांत दुसराच : पॉइंट टू-टूच्या स्पर्धा-काडतुसांबाबत तक्रार

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,
स्पर्धा-काडतुसे विभाग

विषय : ठरवून दिलेल्या लॉटऐवजी दोन लॉट मिसळून माल दिल्याबाबत, माल बदलून मिळण्याबाबत

महोदय,

मी वरणगाव, ता. भुसावळ, जि. जळगाव येथे राहते आणि ५० मीटर प्रोन (पालथे झोपून) व थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) या प्रकारांत रायफल नेमबाजी करते. यंदाच्या स्पर्धांसाठी तुमच्या अधिकृत विक्रेत्यामार्फत मी पॉइंट टू-टूची (.२२ इंची नळीच्या रायफलची) स्पर्धा-काडतुसे घेतली. आधी नमुन्याच्या डब्या घेऊन चाचणी केली, त्यातून एक लॉट, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेला माल, निवडला, त्या लॉटचा नंबर लेखी कळवला आणि तुमच्या कार्यालयाने तो लेखी मान्यही केला. माल आला तेव्हा बाहेरच्या वेष्टनावर तोच नंबर होता. आतल्या ५०-५० च्या डब्यांपैकी जवळजवळ निम्म्यांवर मात्र वेगळा नंबर निघाला. दोन्ही नंबरांचे फोटो सोबत जोडले आहेत.

फोनवर तुमच्या प्रतिनिधींनी मला सांगितले, "मॅडम, ब्रँड तोच आहे, ग्रेड तोच आहे, मग हरकत काय?" हरकत काय ते सविस्तर लिहिते, कारण स्पर्धा-काडतुसे विकणाऱ्या कंपनीला ते माहीत असायलाच हवे.

मोठ्या बोअरच्या (रुंद नळीच्या) लांब पल्ल्याच्या नेमबाजीत, जिथे नियमात बसते तिथे, नेमबाज आपली गोळी आणि दारू स्वतः निवडतो. गोळीचे वजन, तिचा आकार, वारा कापण्याची तिची क्षमता, उन्हातही वेग फारसा न बदलणारी दारू, सगळे तो आपल्या बॅरलला (नळीला) जुळवून घेतो. पॉइंट टू-टूमध्ये ही सोय नाही. काडतूस कारखान्यातून बंद होऊनच येते. चाळीस ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, तिच्यावरचे मेण, आतली चिमूटभर दारू आणि पितळी केसच्या काठात भरलेले प्रायमरचे, म्हणजे दारू पेटवणारे मिश्रण, यातले काहीच आमच्या हातात नसते. हातात असते ती फक्त लॉटची निवड. माझ्यासाठी गोळी निवडणे, दारू निवडणे म्हणजे लॉट निवडणे. तुम्ही तीच निवड परस्पर बदललीत.

माझे वडील, आप्पा, वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसांच्या तपासणीवर होते. या गावातल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली आहे, त्यामुळे लॉट हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. आप्पा मूळचे अमळनेरकडचे. तुमच्या डब्या हातात घेऊन ते एवढेच म्हणाले, "लॉट बदलना म्हनजे मालच बदलना." दारूची नवी खेप आली, प्रायमर भरणाऱ्या यंत्राची मांडणी किंचित हलली, की गोळीचा वेग बदलतो. म्हणून तर डबीवर नंबर छापतात.

आता आकड्यांत सांगते. ही काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेली असतात, नळीच्या तोंडाशी सेकंदाला साधारण ३२५ मीटर. वेग १० मीटरने कमी झाला, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ८ मिलिमीटर खाली लागते. आमच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर अंतरावर. म्हणजे नेमबाजाचा श्वास, ट्रिगर, वाऱ्याचा अंदाज सगळे बरोबर असूनही दहाचा नऊ होतो. प्रोनमध्ये ६० गोळ्यांचे गुण दशांशात मोजतात, कमाल ६५४. तिथे एका दशांशावर पदक मिळते किंवा हुकते. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवले. त्यानंतर खान्देशातही मुले-मुली रायफल हातात घेऊ लागली आहेत, आणि तीसुद्धा तुमचीच काडतुसे वापरणार आहेत.

दोन्ही लॉट मी बालेवाडीला रायफल शिकंज्यात बसवून तपासले. निवडलेल्या लॉटचा ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) दहाच्या आत घट्ट बसतो. दुसऱ्या लॉटचा ग्रुप उभा पसरतो, वर-खाली नऊपर्यंत. दुसरा लॉट वाईटच आहे असे माझे म्हणणे नाही, तो एखाद्या वेगळ्या बॅरलला उत्तम चालेलही. माझ्या बॅरलला तो चालत नाही. म्हणूनच काडतुसे बनवणाऱ्या लापुआने जर्मनीत श्योनेबेकला आणि इलीने इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला चाचणी-केंद्रे ठेवली आहेत. नेमबाज आपली रायफल तिथे नेतो, लॉट तपासतो आणि जुळेल तोच घेतो. शिवाय दोन लॉट एकाच सत्रात आलटून पालटून वापरता येत नाहीत, प्रत्येक बदलानंतर बॅरल स्थिर व्हायला गोळ्या खर्च कराव्या लागतात.

आणखी एक गोष्ट. काही डब्यांच्या आतल्या कागदावर मेणाचे डाग आहेत. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा दिवसांत पत्र्याच्या गोदामात माल पडून राहिला की मेण सुटते. माल वाटेत कुठे आणि किती दिवस होता, याची माहिती मला हवी आहे.

किराणा परत करावा तशी काडतुसे परत करता येत नाहीत. प्रत्येक खरेदीची माझ्या परवान्यावर नोंद होते आणि संख्येला मर्यादा असते. निरुपयोगी लॉटनेही ती मर्यादा भरते. म्हणजे पैसे गेलेच, वर्षाचा कोटाही अडकला. राज्य स्पर्धेच्या तोंडावर मला सराव मोजूनमापून करावा लागतो आहे. याचा मला खरोखर त्रास होतो आहे.

माझे म्हणणे असे : वेगळ्या लॉटच्या सर्व डब्या तुमच्या खर्चाने, अधिकृत विक्रेत्यामार्फत आणि परवान्यावर योग्य नोंद करून परत घ्याव्यात. त्याबदली मान्य केलेल्या लॉटचाच माल द्यावा. तो लॉट संपला असेल तर तसे स्पष्ट कळवावे, पैसे परत करावेत आणि पुढच्या खरेदीआधी इतर लॉटचे नमुने चाचणीसाठी उपलब्ध करावेत. यापुढे प्रत्येक बिलावर लॉट नंबर लिहावा आणि वेष्टन फोडून डब्या बदलल्या असतील तर ग्राहकाला आधी विचारावे. नंबर कुठे आणि कुणी मिसळले, याचे लेखी उत्तर मला हवे आहे, फोनवरचे नको.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे, त्यामुळे तुमचे कार्यालय दुसऱ्या शहरात असल्याने काही अडणार नाही. दोन्ही लॉटच्या न फोडलेल्या डब्या आणि चाचणीची टार्गेटे मी जपून ठेवली आहेत. तुमचा माणूस तपासायला येणार असेल तर दोन दिवस आधी कळवावे.

आपली ग्राहक,
(सही)
वरणगाव, जि. जळगाव

सोबत : बिलाची प्रत, लॉट मान्य केल्याच्या पत्राची प्रत, डब्यांचे फोटो, चाचणीच्या टार्गेटांच्या प्रती