बंड्यास, हॅमिल्टनबद्दल आणि तुझ्या लाइट्सबद्दल

प्रिय बंड्या,

आधी शिव्या देऊन घे, मग पुढं वाच. तुझे मेसेज आले, ती लांबलचक ईमेल आली, आणि मी सगळ्याला एकेक अंगठा टाकून गप्प बसलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, चालतो, जिना अजून नको म्हणालेत. बीपी आहे तिथंच आहे. झाली तब्येत. आता मुद्दा.

मी 'हॅमिल्टन' बघितलं, ते ब्रॉडवेवरचं अमेरिकन संगीत नाटक. टीव्हीवर, रेकॉर्ड केलेलं. हो तेच, जुलै 2020 मध्ये ते डिस्ने प्लसवर आल्या आल्या तू लिंक पाठवली होतीस आणि मी 'रेकॉर्ड केलेलं नाटक म्हणजे मुडदा, मुडदे बघत नाही' असं उत्तर टाकलं होतं तेच. हसून झालं का? झालं असेल तर ऐक, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, आवडलं ना, मग झालं तर. अरे आवडलं का हा प्रश्नच नाहीये. मी रडलो. आणि ते रडू माझं होतं की कॅमेऱ्यानं माझ्याकडून काढून घेतलं, हेच मला कळेनासं झालंय, आणि त्यानं माझी झोप खराब झालीय म्हटलं तर तू परत हसशील, पण झालीय.

बघ, दुसऱ्या अंकात ती हॅमिल्टनची बायको एलायझा नवऱ्याची पत्रं जाळते ना. खरीखुरी आग, स्टेजवर. कॅमेरा तिच्या इतका जवळ जातो की हनुवटी थरथरते ती दिसते, डोळ्यात पाणी आलंय पण पडत नाहीये तेही दिसतं. तिथंच मी गेलो. मग रात्री पडल्या पडल्या विचार आला की थिएटरात मागच्या रांगेत बसलो असतो तर मला काय दिसलं असतं? एक बाई, एक बाक, थोडा जाळ. हनुवटी-बिनुवटी काही नाही. तरी मी रडलो असतो का? जवळ जायचं हे मी ठरवलेलं नव्हतं रे. नाटकात आपण आपल्या मर्जीनं बघतो, कुणी हिरॉइनकडे, कुणी मागं उभ्या असलेल्या भालदाराकडे, तू तर कायम वर बघायचास कुठला दिवा गेलाय ते. इथं कुणीतरी एडिटिंगला बसून ठरवलं की आता याला हिचा चेहरा दाखवायचा, आणि मी मुकाट बघितला आणि वेळेवर रडलो.

त्यात आणखी एक भानगड. हे शूट कसं केलंय ते मी वाचून काढलं (रिकामा वेळ, दुसरं काय). जून 2016, न्यूयॉर्कचं रिचर्ड रॉजर्स थिएटर, डायरेक्टर नाटकाचाच, थॉमस केल. तीन दिवसांत दोन प्रयोग प्रेक्षकांसकट शूट केले, आणि मधल्या वेळात काही गाणी प्रेक्षकांशिवाय परत करून घेतली, क्रेन आणि स्टेडिकॅम (अंगावर बांधून चालवायचा कॅमेरा) स्टेजवर नेता यावेत म्हणून. म्हणजे काही क्लोजअप रिकाम्या खुर्च्यांपुढचे आहेत! आणि सांधा कुठंच दिसत नाही. मी ज्या हनुवटीला रडलो ती भरल्या थिएटरातली की रिकाम्या, हे बघून सांगता येत नाही. मी माझ्या समजुतीनं प्रयोग बघत होतो आणि मधूनमधून बघत होतो शूटिंग. तू म्हणशील, काय फरक पडतो, नटी तीच, गाणं तेच. पडतो बंड्या. आपल्या नाटकात मास्तरांचा ऑर्गन बंद पडला ती रात्र आठव. भाता फाटला आणि ती पोरगी तशीच, सुराशिवाय, पद पुढं म्हणत राहिली, आणि नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी विंगेत पुस्तक धरून, तू लाइट्सच्या बोर्डावर, दोघंही रडत होतो. ते कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. रिकाम्या खुर्च्यांपुढं ती तशी गायली असती का? थांबली असती आणि म्हणाली असती, परत घेऊ या.

(त्याच रात्री तू शेवटचा ब्लॅकआउट उशिरा दिलास. मी क्यू वेळेवर दिला होता. हे मी लेखी देतोय, जपून ठेव.)

पण मग दुसरी बाजूही आहेच, म्हणून तर घोळ झालाय, नाहीतर मी सरळ तुला 'बघितला मुडदा, मुडदाच निघाला' असं कळवून मोकळा झालो असतो. एक तर शब्द. त्या नाटकात 20,000 हून जास्त शब्द आहेत, आणि तो फ्रेंच सेनानी लाफायेत एका जागी तीन सेकंदांत एकोणीस शब्द म्हणतो. मला सबटायटल असून मागं जाऊन परत बघावं लागलं. तू थिएटरात बसून हे सगळं कळलं म्हणालास ते मी तेव्हाही मानलं नव्हतं आणि आताही मानत नाही. दुसरं, तो इंग्लंडचा राजा जॉर्ज. गाताना त्याची थुंकी अशी उडते की मी सोफ्यावर मागं सरकलो, आणि तो ती पुसतही नाही, गोड हसत गातच राहतो. हे तुला बाल्कनीतून दिसलं होतं का? नाही ना? मग! कपाळावर केसांच्या रेषेत लपवलेले माइक दिसतात, घाम दिसतो, आणि त्यानं काही बिघडत नाही, उलट ही माणसं किती राबतायत ते कळतं. बाकी शिव्यांच्या बाबतीत तू नशीबवान, मूळच्या तीन मोठ्या शिव्यांपैकी दोन यांनी गिळल्यात, पोरांना बघता यावं म्हणून. आणि मध्यंतर एक मिनिटाचं! पडद्यावर सेकंद उलटे मोजतात. माझ्या गुडघ्याला एका मिनिटात सोफ्यावरून उठणंसुद्धा जमत नाही, तरी बरं रिमोट आपल्या हातात.

रिमोटवरून आठवलं. एलायझाची बहीण अँजेलिका, तिचं ते लग्नातलं गाणं, जिथं नुकतीच झालेली सगळी संध्याकाळ उलटी फिरते आणि तिच्या बाजूनं परत दिसते. संपलं की मी रिमोटनं वन्स मोअर घेतला. परत घेतला. आणि मग एकदम बोअर झालं. अरे, ती दरवेळी तिथंच श्वास घेत होती! आपल्याकडे नाट्यपदाला वन्स मोअर आला की गाणारा दुसऱ्यांदा तेच गात नाही, एखादी नवी जागा घेतो, वन्स मोअर देणाऱ्यालाही तेच हवं असतं. इथं मी ओरडतोय आणि समोरचीला पत्ताच नाही. हसण्याचंही तसंच. त्या जून 2016 मधल्या लोकांनी जिथं हसायचं तिथं हसून घेतलंय, स्थलांतरितांच्या त्या वाक्याला टाळ्या वाजवून घेतल्यात, आता माझ्या हसण्यानं कुणाचं वाक्य अर्धा सेकंद थांबणार नाही. मी प्रयोगाला नव्हतो बंड्या, मी प्रयोग झाल्यानंतर होतो.

हे सगळं मी तुला पूर्वीही ऐकवलंय माहितीय. आपल्या नाटकाची व्हिडिओ कॅसेट आली तेव्हाच ऐकवलं होतं. तो लग्नाचे व्हिडिओ करणारा माणूस, मागं एक कॅमेरा लावून बाहेर सिगारेटी ओढत बसला, पुढच्या टकलावर फोकस आणि आवाज सगळा पंख्याचा. मी म्हणालो जाळून टाका, आणि तू माझ्याशी महिनाभर बोलला नाहीस. मास्तर गेल्यावर तू ती कॅसेट परत लावलीस आणि पंख्याच्या आवाजामागून त्यांचा ऑर्गन ऐकवलास, तेव्हा मी काही बोललो नाही. आताही बोलत नाही. पण त्यामुळंच मला हे 2016 चं शूट वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटतं, कारण त्यांनी ते मुद्दाम वेळ साधून केलंय. नाटक लिहिणारा आणि स्वतः हॅमिल्टन झालेला मिरांडा, त्याचा प्रतिस्पर्धी आरन बर याचं काम करणारा लेस्ली ओडम, आणि ही एलायझा झालेली फिलिपा सू, तिघंही 9 जुलै 2016 ला नाटकातून बाहेर पडले. म्हणजे शूटिंगनंतर दोन आठवड्यांत. आज तू मला तिथं नेलंस तर यातलं कुणीही नसणार. ती हनुवटी आता फक्त टीव्हीवरच आहे, थिएटरात नाही. मग लाइव्ह-लाइव्ह म्हणून मी कशासाठी एवढा भांडत होतो?

इथं अडकलो होतो, आणि इथंच तू आठवलास.

तू ते बघून आल्यावर मला फोन केलास तो आठवतोय? मी चिडचिड केली होती, कारण तू तासभर बोललास आणि कोण गायलं कसं गायलं यातलं एक अक्षर नाही, नुसते लाइट्स. जमिनीवर प्रकाशाच्या कशा आकृत्या पडतात, एकात एक अशी दोन वर्तुळं फिरतात (आपल्याला फिरता रंगमंच म्हटलं की 'तो मी नव्हेच', ती 1962 ची गोष्ट, आणि इथं एकाच्या पोटात दुसरं, उलट्या दिशेनंही फिरतं), माणसं न हलता कशी लांब जातात, वगैरे. मी मनात म्हटलं याला नेऊन उपयोग नाही, हा नाटकाला नाही दिवे बघायला जातो. पण आता टीव्हीवर बघताना मी तुझ्या त्या आकृत्या शोधत होतो आणि त्या मिळतच नव्हत्या! कॅमेरा चेहऱ्यावर असला की जमीन दिसत नाही. क्वचित तो वरून बघतो, की लगेच खाली येतो. कोरसमधली ती एक मुलगी, जी नाटकभर मृत्यूच्या आसपास घोटाळते, शेवटी गोळी होऊन येते, ती कितीदा चौकटीबाहेरच राहिली असेल. चेहरे माझ्या पदरात पडले, तुझं सगळं कापलं गेलं.

आणि त्यांचे लाइट्सवाले हॉवेल बिंकली, ते ऑगस्ट 2020 मध्ये गेले, हे टीव्हीवर आल्यावर पुढच्याच महिन्यात. तुला माहीत असेलच, तू मला सांगितलं नाहीस, मी तेव्हा ऐकूनच घेत नव्हतो. पण बघ गंमत, मुख्य नट सगळे बदलले आणि बिंकलींचे लाइट्स अजून रोज रात्री तिथं लागतायत. म्हणजे मी उलटंच धरून बसलो होतो. नटांसाठी रेकॉर्डिंगकडे जावं लागणार, आणि लाइट्ससाठी तिकीट काढून खुर्चीत बसावं लागणार. याचा अर्थ मी भांडण हरलो असा काढू नकोस. अर्धं अर्धं झालंय, आणि ब्लॅकआउटचं वेगळं.

एक मात्र सुटलेलं नाही आणि ते मला तिथं येऊनच बघायचंय. शेवटी एलायझा पुढं येते, वर बघते आणि श्वास घेते, एकदम, दचकल्यासारखा. टीव्हीवर तो चेहरा भरून दिसतो, आणि तिला काय दिसलं याच्यावर लोक अजून वाद घालतात. मला वाद नको. मला हे बघायचंय की तो एवढासा श्वास शेवटच्या रांगेत, चेहरा न दिसता, दुसरीच कुणी बाई घेत असताना, पोचतो का. पोचला तर ते रडू माझं होतं. नाही पोचला तर मग बघू काय ते.

तुझं काय? लेकीचं कॉलेज कुठलं ठरलं ते ईमेलमध्ये वाचलं आणि विसरलो, परत सांग. वहिनींची नवी नोकरी बरी आहे ना? तुझे वडील एकटे राहायचं म्हणतात ते काही खरं नाही, पण त्यावर फोनवर बोलू, लिहून होणार नाही. केस काळे करायचं बंद केलंस ते बरं केलंस, फोटोत आता तरी वयाचा दिसतोस.

डॉक्टर म्हणालेत, आणखी काही महिन्यांनी लांबचा प्रवास चालेल. तेव्हा तिकिटं काढ. पुढची महागडी काढून मोठेपणा करू नकोस, वरची काढ, मागची, जमीन दिसेल अशी, आणि कडेची खुर्ची मला, पाय लांब करायला लागतो. दुसरा अंक चालू असताना कानात कुजबुजून कुठला दिवा कुठून येतोय ते सांगायचं नाही. मध्यंतरात सांग, तिथलं मध्यंतर एका मिनिटाचं नसतं ना?

तुझा,
क्यू वेळेवर देणारा