किरणोत्सवाच्या आत पालक वाढला पाहिजे

कोल्हापूर,
४ ऑगस्ट

प्रिय संज्या,

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच चाललंय. टोरांटोत स्वतःच्या घराला अंगण मिळालं, आणि ऑक्टोबर सरला की एप्रिलपर्यंत त्यात काही उगवायचं नाही म्हणून तू हळहळत होतास. वहिनींना ताजी मेथी-कोथिंबीर पाहिजे, काकूंना लसणाची पात. मी फोनवर नुसतं ‘कोल्ड फ्रेम कर’ म्हणालो आणि रेंज गेली. इथं पावसानं नुसता धुमाकूळ घातलाय. राधानगरीचे दरवाजे उघडलेत, पंचगंगा पात्राबाहेर आलीय आणि रोपवाटिकेत गिऱ्हाईक फिरकत नाही. तेव्हा निवांत बसून सगळं लिहितो.

कोल्ड फ्रेम म्हणजे बिनबुडाची लाकडी पेटी, थेट जमिनीवर मांडलेली, वर काचेचं तिरकं झाकण. हीटर नाही, वीज नाही. ऊन काचेतून आत येतं, माती तापवतं, आणि तापलेली हवा झाकणामुळं पळून जात नाही. वाराही लागत नाही, आणि तिकडचा कोरडा बोचरा वारा कोवळ्या पानाला थंडीइतकाच मारतो. रात्री बाहेरच्यापेक्षा आत चार-पाच अंश जास्त मिळतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण कोथिंबिरीचं जगणं-मरणं तेवढ्यातच असतं.

मी तिकडं असताना ज्या इटालियन आजोबांच्या तळघरात भाड्यानं राहायचो, त्यांच्या मागच्या अंगणात अशा पेट्या ओळीनं होत्या. जानेवारीत ते झाडूनं बर्फ बाजूला करून झाकण उचलायचे. सकाळी आतला पालक पार मलूल, पानं जमिनीला चिकटलेली, कडांवर हिमाचे पांढरे कण. आता हा गेलाच, असं कुणालाही वाटावं. दुपारी ऊन चढलं की तोच पालक ताठ उभा. सकाळी मात्र ते पानाला हात लावू द्यायचे नाहीत. गोठलेलं पान तोडलं की ते लगदा होतं, झाडावरच निवळू दिलं तर पूर्ववत होतं. आणि चव! गारठ्यात पालक पानात साखर साठवतो, कारण साखर असलेलं पाणी लवकर गोठत नाही. तसा गोड पालक मी इथं अजून खाल्लेला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेटी केली म्हणजे डिसेंबरात बी टाकून भाजी येईल असं धरून चालू नकोस. पेटी थंडी अडवते, दिवस मोठा करत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात एलियट कोलमन म्हणून शेतकरी आहेत, थंडीतल्या भाजीपाल्यात त्यांचा शब्द मानतात. त्यांचं सांगणं असं की दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की रोपांची वाढ जवळजवळ थांबते. आपल्याला हे कधी जाणवत नाही, कारण कोल्हापूरचा सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा. टोरांटोत तो नऊ तासांच्या आत येतो. तिथल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढून बघितल्या. दिवस दहा तासांच्या खाली जातो तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाला, आणि परत वर येतो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात.

काही आठवलं का? ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव! पहिल्या दिवशी मावळतीची किरणं चरणांवर, मग वर वर चढत तिसऱ्या दिवशी मुखावर. २२ डिसेंबरच्या अलीकडं आणि पलीकडं या तारखा जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, सूर्य दोन्ही वेळा त्याच जागी मावळतो, म्हणून तर किरणं वर्षातून दोनदा त्याच वाटेनं गाभाऱ्यात येतात. आणि टोरांटोच्या अक्षांशावर दिवस दहा तासांवर येतो तो त्याच सुमाराला. हे जुळलेलं बघून मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

तेव्हा कॅलेंडर भिंतीवर हेच लाव. नोव्हेंबरचा किरणोत्सव येईपर्यंत पेटीतल्या भाजीची बारा आणे वाढ झालेली पाहिजे. तिथून पुढं ती फक्त तग धरून राहते, आणि तू लागेल तशी तोडायची. फेब्रुवारीचा किरणोत्सव झाला की तीच रोपं परत फुटायला लागतात. म्हणून हे पत्र आत्ता, ऑगस्टात. गाजराचं बी याच आठवड्यात टाक. कोथिंबीर महिनाअखेरीस, पालक तेव्हापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. लसणाच्या पाकळ्या सप्टेंबरात दाट लावल्यास की काकूंची पातीची सोय झाली. मेथीला कडक गोठणं सोसत नाही, ती थंडी वाढायच्या आत खाऊन संपवा आणि वसंतात परत पेरा. बी तिथलंच घे, इथून पाठवायच्या भानगडीत पडायला नको.

जागा निवडताना उन्हाळ्यातल्या उन्हावर जाऊ नकोस. आपल्याकडं सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, तुमच्याकडं कधीच नाही. डिसेंबरात भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर असतो. म्हणजे तुझ्या सहा फुटी कुंपणाची सावली दुपारीसुद्धा चौदा फूट लांब पडणार. इथं त्याच दिवशी तेवढ्याच कुंपणाची सावली पाच फूट. किरणांच्या वाटेत बांधकामं आली की आपल्याकडं किती ओरड होते ते तुला माहीतच आहे, तसाच बारकाईनं विचार कर. घराची दक्षिणेकडची भिंत विटांची असेल तर पेटीची पाठ तिलाच लाव. उत्तरेचा वारा अडतो आणि दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळी थोडी ऊब देते. झाकणाचा उतार दक्षिणेला.

पेटीचं माप खिडकीवरून काढायचं, खिडकीचं पेटीवरून नाही. गॅरेजमध्ये जुन्या खिडक्या रचून ठेवल्यात म्हणालास, त्यातली धड चौकटीची घे. पण जुन्या रंगात शिसं असू शकतं. रंग सोललेला दिसला तर ती खिडकी भाजीवर नको, कोरडी घासत तर मुळीच बसू नकोस. त्यापेक्षा दोन पदरी पॉलिकार्बोनेट शीट आण. हलकं असतं, फुटत नाही, आणि दोन पदरांमधल्या हवेमुळं ऊब जास्त टिकते. लाकूड सीडरचं, दीड-दोन इंच जाड. आपल्या सागवानासारखं तेही लवकर कुजत नाही. रेल्वेचे जुने स्लीपर फुकट मिळाले तरी घेऊ नकोस, त्यात क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून पाजलेलं विषारी तेल, मुरलेलं असतं.

मागची फळी १८ इंच, पुढची १२, बाजूच्या फळ्या तिरक्या कापलेल्या. यापेक्षा उंच करायचा मोह होईल, करू नकोस. जेवढी हवा जास्त, तेवढी ती तापायला ऊन जास्त लागतं. रुंदी पुढून हात मागच्या फळीपर्यंत पोचेल एवढीच. कोपऱ्यांत आतून चौकोनी लाकडाचे ठोकळे देऊन स्क्रूनं आवळ, खिळे नकोत. झाकणाला मागच्या बाजूनं बिजागऱ्या, आणि टेकतं तिथं कडेनं फोमची पट्टी. पेटी तीन-चार इंच जमिनीत गाड आणि बाहेरून माती चढव. तळाशी बारीक तारेची जाळी टाकायला विसरू नकोस, नाहीतर उंदरांना हिवाळाभर राहायला-जेवायला आयतं घर मिळेल.

थंडीपेक्षा जास्त रोपं उन्हानं जातात, हे माझ्या रोपवाटिकेतल्या पॉलीहाऊसवरूनही सांगतो. बाहेर शून्य असलं तरी स्वच्छ उन्हात बंद पेटी बघता बघता तापते. आत एक थर्मामीटर ठेव, आकडा वीसकडं सरकला की झाकण चार बोटं उचलायचं. खाचा पाडलेली काठी टेकू म्हणून पुरते. दुपारी तीनच्या सुमाराला परत बंद, म्हणजे उरलेली ऊब रात्रीला राहते. तू दिवसभर ऑफिसला आणि काकूंना बर्फात बाहेर पाठवायला नको, म्हणून आपोआप उघडणारा दांडा मिळतो तो बसव. त्याच्या नळकांड्यात मेण असतं. तापलं की फुगून दांडा ढकलतं, गार झालं की आखडतं. झाकण जड असेल तर किती वजन पेलतो ते बघून घे.

कडाक्याची रात्र असली की काचेवर वाकळ टाक, वर प्लास्टिक. ओली वाकळ काही कामाची नाही. भुसभुशीत ताजा बर्फ पडला असेल तर रात्री तो तसाच राहू दे, तोही ऊब धरतो. सकाळी उजेडासाठी झाडून टाक, आणि थर जाड झाला तर लगेच काढ, काचेला ते वजन झेपत नाही. हिवाळ्यात पाणी अगदी क्वचित घाल, तेही सकाळी. ओल कोंडली की बुरशी आलीच.

एप्रिलमध्ये याच पेटीत मिरचीची रोपं कणखर करता येतील. घरात वाढलेली रोपं दिवसा पेटीत, गार रात्री परत घरात, आणि व्हिक्टोरिया डेच्या, म्हणजे मेच्या उत्तरार्धातल्या तिकडच्या सुट्टीच्या सुमाराला बाहेर जमिनीत. तिकडचे जुने बागवान तीच खूण धरतात. कांदा-लसूण चटणीपुरती मिरची घरची झाली तर काकू किती खूश होतील!

खिडकीची लांबी-रुंदी आणि चौकटीची जाडी मोजून फोटो पाठव, फळ्या कशा कापायच्या ते मी कागदावर काढून देतो. कुंपणाचा आणि दक्षिणेकडच्या भिंतीचाही फोटो पाठव. आणि गाजराचं बी मात्र उत्तराची वाट न बघता रविवारीच टाक.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिल्या