प्रतापनगरच्या काकांना, चावी बाबांच्या हातात दिलीत म्हणून

काका, सा. न. वि. वि.

नावबिव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. बडोद्यातल्या तुमच्या त्या छोट्याशा गाडीदुरुस्तीच्या दुकानात मी तीनदा आले आणि तिन्ही वेळा 'थँक्यू' एवढंच तोंडातून निघालं. बाकीचं घशात अडकलं. ते आज लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांनी आम्हाला नको ते ऐकवलं तेही चारचौघांतच बोलले होते.

आमची गाडी २००२ सालची ओपेल कोर्सा. बाबा ही गाडी बनवणाऱ्या हलोलच्या जनरल मोटर्समध्ये होते, दरवाजे बसवायच्या लाइनवर. १९९६ मध्ये तिथून ओपेल ॲस्ट्रा बाहेर पडली तेव्हाही होते आणि २००० मध्ये कोर्सा आली तेव्हाही. ही गाडी त्यांनी कर्ज काढून घेतली आणि पहिल्याच रविवारी आम्हाला पावागडला घेऊन गेले. येताना कारखान्याच्या फाटकासमोर थांबले, उतरले, गाडीचा दरवाजा दोनदा उघडून लावून दाखवला आणि म्हणाले, "आवाज ऐका." ओपेल हे नाव आपल्याकडून २००६ मध्येच गेलं. २०१७ मध्ये कंपनीने हलोलचं कामही थांबवलं, आता तिथे एमजीच्या गाड्या बनतात. बाबांच्या त्या सगळ्या वर्षांतलं वाडी भागातल्या आमच्या घरासमोर उरलंय ते एवढंच.

मे महिन्यात गरुडेश्वरला निघालो होतो. डभोईच्या अलीकडे गाडी एकाएकी बंद. ना धक्का, ना आवाज, पंखा बंद करावा तशी. स्टार्टर फिरत होता, इंजिन काही उचलत नव्हतं. अर्धा तास कडुनिंबाखाली बसलो आणि पहिल्या चावीला सुरू झाली. दहा-बारा किलोमीटरवर पुन्हा तेच. आई गेल्यापासून बाबा दरवर्षी तिथे टेंबे स्वामींच्या समाधीला जातात, ते त्या दिवशी अर्ध्या रस्त्यातून परतले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर तीन गॅरेज झाली. पेट्रोलचा पंप बदलला, प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरीसुद्धा बदलली. १४,००० रुपये गेले, त्याचं एवढं नाही. गाडी तिथे पोचेपर्यंत थंड झालेली असायची आणि थंड गाडी नीटच चालायची. मग "झालं काम" म्हणून परत. बाबा प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते: "तापल्यावरच बंद पडते. पेट्रोलचं नाही हे, सेन्सरचं बघा." एकानेही ते वाक्य पुरतं ऐकून घेतलं नाही. स्कॅनर लावला तर त्याच्या यादीत ओपेल हे नावच नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी तर एक जण बाबांच्या देखत मला म्हणाला, "बेन, भंगारमें दे दो. काकाला समजवा." काकाला समजवा! ज्या माणसाने या गाडीचे दरवाजे हाताने बसवले त्याच्यासमोर. तो शब्द मी अजून विसरलेले नाही.

आणि एक गोष्ट मला तेव्हा नीट कळलीही नव्हती, ती नंतर तुमच्याकडे आल्यावर कळली. तिन्ही ठिकाणी गाडी परत देताना बाबांनी हात पुढे केला होता, आणि तिन्ही ठिकाणी चावी त्यांच्या हातावरून माझ्याकडे आली.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी रिक्षाचं वायरिंग करत होता. बाबांनी सुरुवात केली, "तापल्यावरच..." तुम्ही पकड खाली ठेवलीत, हात पुसलेत, स्टूल पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "बसा साहेब, पहिल्यापासून सांगा." बाबांनी पहिल्यापासून सांगितलं, आणि पहिल्यापासून म्हणजे १९९६ पासून! मला लाज वाटत होती की हे दुकानाचा वेळ खातायत. तुम्ही मात्र मधेच विचारलंत, "कुठल्या शिफ्टला होतात?" बाबांचा चेहरा मी बघत होते, काका.

मग तुम्ही क्रँकचा सेन्सर काढलात, त्याला मीटर लावलं. आकडा बरोबर. मला वाटलं, झालं, आता हेही तेच म्हणणार. पण तुम्ही शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवलंत, सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात धरलात आणि मीटर बाबांच्या पुढ्यात ठेवलंत. दोन-तीन मिनिटांत आकडा हलायला लागला आणि मग गेलाच. पिशवी बाहेर काढली, गार झाली, आकडा परत आला. आतलं तारेचं वेटोळं तापलं की कुठेतरी सुटतं, गार झालं की पुन्हा टेकतं. पुलीवरचे दात समोरून सरकले की हा सेन्सर कॉम्प्युटरला इंजिन कुठे आलंय ते सांगतो. त्याने सांगणं थांबवलं की ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. हे तुम्ही मला समजावलंत. बाबांना एवढंच म्हणालात, "तुम्ही बोलत होता तेच आहे."

ते वाक्य ऐकायला ते महिनाभर थांबले होते.

सेन्सर मिळवायला किती फिरावं लागलं ते मी लिहीत बसत नाही. मी स्वतः ऑनलाइन मागवलेला कोर्साचाच होता, पण पुढच्या पिढीच्या. आपल्याकडे ही कोर्सा यायला लागली त्याच वर्षी युरोपात तिचं नवं रूप निघालं होतं, त्यामुळे नाव एक आणि माल भलताच. खोक्यावरचा नंबर वाचूनच तुम्ही तो बाजूला ठेवलात, खोकं फाडूही दिलं नाहीत, म्हणून माझे पैसे परत आले. मग तुम्ही फोन लावत राहिलात. राजकोटच्या एका जुन्या मालवाल्याकडे एक शिल्लक निघाला, तो बसने आला, आणि पार्सल सोडवायला पहाटे डेपोवर तुम्ही स्वतः गेलात. त्याचे पैसे लावा म्हटलं तर "दूध आणायला निघालोच होतो" म्हणालात. प्रतापनगरहून डेपोपर्यंत दूध आणायला कोण जातं, काका?

पण माझ्या मनात रुतून बसलंय ते वेगळंच. सेन्सर बसला, गाडी सुरू झाली. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर बिल केलं असतं. तुम्ही गाडी उन्हात तशीच चालू ठेवलीत आणि बाबांच्या शेजारी पायरीवर बसलात. रेडिएटरचा पंखा लागला, थांबला, पुन्हा लागला. तिसऱ्यांदा लागल्यावर उठलात, इंजिन बंद केलंत, चावी काढलीत. मी हात पुढे केला. सवयच झाली होती मला. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. चावी फडक्याने पुसलीत, बाबांच्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "साहेब, तुम्हीच बघा."

बाबा आत बसले. थोडा वेळ नुसतेच बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग चावी फिरवली. पहिल्या फेरीत सुरू. त्यांनी दरवाजा उघडला आणि पुन्हा लावला. गॅरेजमध्ये दरवाजा कोण लावून बघतं, तुम्हाला वाटलं असेल. पण तुम्ही काहीच विचारलं नाहीत, मान हलवलीत फक्त.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कौशल्य खूप जणांकडे असतं आणि बडोद्यात चांगल्या कारागिरांना तोटा नाही. पण म्हाताऱ्या माणसाला त्याच्या मुलीच्या आडून न बघता सरळ त्याच्याशी बोलणं, तो म्हणतोय त्यात तथ्य असेल असं धरून चालणं, हे मी त्या महिन्यात कुठेही बघितलं नव्हतं. मी स्वतःसुद्धा केलं नव्हतं. बाबा सेन्सर म्हणत होते आणि मी पंपाचं बिल भरत होते. मलाही तुम्ही काहीतरी दिलंय, काका, आणि ते बिलात नव्हतं.

बॉनेटच्या आत पांढऱ्या टेपवर तुम्ही पार्टचा नंबर लिहून चिकटवलाय तो परवा दिसला. तुमचा शून्य मधून कापलेला असतो, इंग्रजी 'ओ' समजू नये म्हणून. बाबांनी वहीत तो तसाच उतरवून घेतलाय.

आषाढ प्रतिपदेला, स्वामींच्या पुण्यतिथीला, आम्ही गरुडेश्वरला जाऊन आलो. जाताना डभोईच्या अलीकडे बाबांनी त्याच कडुनिंबाखाली मुद्दाम गाडी थांबवली. इंजिन चांगलं तापलेलं. बंद केलं, थर्मासमधला चहा प्यायले, माझ्याकडे बघितलं आणि चावी फिरवली.

तुमच्यासाठी समाधीवरचा प्रसाद आणलाय, आणि दांडिया बाजारातून लीला, म्हणजे ओला, चिवडा घेईन. सोमवारी सकाळी येतो, गाडी बाबाच चालवणार आहेत.

तुमची,
कोर्सावाल्या साहेबांची मुलगी