खांदे वाचवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या आम्हा कॅलिपरवाल्यांचं (पायाला आधाराच्या सळ्या बांधणाऱ्यांचं), कुबडीवाल्यांचं आणि व्हीलचेअरवाल्यांचं हे पत्र. उघडं लिहितोय, कारण तुमच्यापर्यंत पोचू न शकलेल्यांच्याही ते हाती पडावं.

जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या शहरात व्यायामाचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या वाट्याला मात्र दोनच सल्ले यायचे : 'जपून राहा, काही करू नका', नाहीतर 'दुखलं तरी करा, त्याशिवाय वजन उतरत नाही'. तुम्ही दोन्ही बाजूला ठेवलेत आणि आधी विचारलंत, दिवसभरात खांद्यांवर काम किती पडतं? कुबडी टेकणं, चाक फिरवणं, पलंगावरून खुर्चीत सरकणं, सगळं रेटण्याचंच काम. त्यानं छाती आवळते, पाठ ढिली पडते, खांदा पुढे झुकतो आणि हात वर नेला की आतली कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) हाडांच्या फटीत चिमटते. पायांचं काम खांदेच करत असताना तेही गेले, तर संडासला जायलाही कुणाची तरी वाट बघावी लागते. म्हणून तुम्ही रेटण्याचे नव्हे, ओढण्याचे व्यायाम दिलेत.

रबरी पट्टा खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर बांधायचा. बऱ्याच कंपन्यांत पिवळा मऊ, मग लाल, मग हिरवा, सुरुवात पिवळ्यानंच. खुर्ची चाकं नसलेली, भिंतीला टेकवलेली. व्हीलचेअर असेल तर दोन्ही ब्रेक लावलेले. कोपर बरगडीजवळ ठेवून दोन आकड्यांत ओढायचं, खांद्याची पाती एकमेकींकडे आणायची आणि चार आकड्यांत सोडायचं. दहा वेळा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा दहा. चूक नेमकी सोडताना होते : पट्टा झटक्यानं परत जातो आणि खांदा पुढे खेचला जातो. पट्टा मूळ लांबीच्या दुपटीपेक्षा जास्त ताणायचा नाही. दर आठवड्याला तो उजेडासमोर धरून बारीक चिरा बघायच्या, कारण तुटला तर सरळ तोंडावर येतो.

दम वाढवायला बसल्या बसल्या ठोसे : ३० सेकंद ठोसे, ६० सेकंद थांबा, अशा सहा फेऱ्या. मूठ खांद्याच्या खालीच राहिली पाहिजे. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपतच वेग. हाताचे स्नायू लहान, त्यामुळे दम लवकर लागतो आणि खूप काम झाल्यासारखं वाटतं. पण दहा मिनिटांच्या अशा व्यायामात जेमतेम चमचाभर तेलाएवढ्या कॅलरी जातात. हे तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत, त्याचे विशेष आभार. वजनाचा मोठा हिशेब फोडणीत, गाठियांत आणि शेव-उसळीवरच्या तेलकट तर्रीत असतो. व्यायाम त्याला हातभार लावतो आणि स्नायू टिकवतो.

पोलिओच्या पायाबद्दल तुम्ही फार बारकाईनं समजावलंत. तिथे उरलेल्या थोड्या चेतापेशींनी शेजारच्या स्नायुतंतूंचंही काम अंगावर घेतलेलं असतं. त्या पायाला वजन बांधून दमवलं, तर ताकद वाढण्याऐवजी घटू शकते. तो पाय थरथरला की तिथेच थांबायचं.

दुखण्याचं मापही तुमचंच. सुरू करण्याआधी ० ते १० मध्ये आकडा लिहायचा, संपल्यावर दोन तासांनी पुन्हा लिहायचा. दुसरा आकडा मोठा आला तर पुढच्या वेळी फेऱ्या निम्म्या. टोचणारं दुखणं किंवा मुंग्या आल्या तर लगेच बंद. वाढवायची ती एका वेळी एकच गोष्ट, आठवड्याला एक फेरी.

ज्यांना उभं राहता येतं त्यांना तुम्ही पाण्यात चालायला सांगितलंत. कमरेपर्यंतच्या पाण्यात शरीराचं जवळपास निम्मं वजन पाणीच उचलतं. घात होतो तो काठावरच्या ओल्या फरशीवर, कुबडीचं रबर झिजलेलं असेल तर. मणक्याची इजा वर, मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, तर घाम नीट येत नाही आणि वडोदऱ्याच्या मे महिन्यात अंग तापतं. त्यांनी सकाळी आठच्या आतच व्यायाम उरकायचा. त्यांचंच एकदम डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला तर ताठ बसायचं, लघवीची नळी मुडपून लघवी तुंबलीय का बघायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. कॅलिपर काढल्यावर कातडी बघायची : अर्ध्या तासात लाली गेली नाही तर जखमेची सुरुवात समजायची.

वजन करायची तुमची युक्ती तर घरोघरी पोचायला हवी. गोदामाच्या सपाट काट्यावर व्हीलचेअरसकट वजन, मग रिकाम्या खुर्चीचं, आणि वजाबाकी. पण वाळलेल्या पायांत स्नायू कमी असल्यामुळे काट्यावरचा आकडा चरबी लपवतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी उताणं झोपून बेंबीच्या रेषेत टेप.

आता उत्तरायण, आमचा पतंगांचा सण, येतंय. दिवसभर मान आणि हात वर, म्हणजे खांद्यांना सगळ्यांत वाईट दिवस. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पंधरा मिनिटं दोर, मग अर्धा तास फिरकी, असंच वाटून घेऊ. गच्चीवर चढवायला शेजारची मुलं आहेत. तिळगूळ घ्यायला नक्की या.

तुमचे,
दांडिया बाजार–रावपुऱ्यातले आम्ही सगळे