जळालेल्या रजिस्टरांची दुसरी प्रत आपल्या शासनाकडे आहे

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अल्पसंख्याक विकास विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : आगीत नष्ट झालेल्या चर्चमधील विवाह, बाप्तिस्मा व दफन यांच्या नोंदी पुन्हा उभ्या करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

पुणे शहराच्या पूर्व भागातील एका जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चच्या भाविक-समुदायाची, मी सभासद असून गेली ११ वर्षे मंडळीची रजिस्टरे सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. यंदा उपवासकाळात, झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) आदल्या रात्री, आमच्या चर्चला आग लागली. माळ्यावरून गेलेल्या जुन्या वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट झाले, छपराच्या सागवानी कैच्यांनी पेट घेतला आणि पहाटे तीनपर्यंत मंगलोरी कौलांचे सगळे छप्पर खाली आले. सकाळच्या मिरवणुकीसाठी मुलांनी आणलेल्या झावळ्या दारामागच्या बादलीत पाण्यात ठेवल्या होत्या, तेवढ्याच हिरव्या राहिल्या. जीवितहानी झाली नाही, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. वायरिंग बदलण्याचा ठराव आमच्या कमिटीने दोन वेळा संमत केला होता आणि दोन्ही वेळा निधीअभावी काम पुढे ढकलले होते. ही चूक आमची आहे आणि ती मी या पत्रात लपवू इच्छित नाही.

अग्निशमन दलाचे जवान अरुंद बोळातून पाइप ओढत आत आले आणि उजाडेपर्यंत हलले नाहीत. २६ मार्च २०२१ च्या रात्री कॅम्पातला फॅशन स्ट्रीट जळाला, तेव्हा ती आग विझवून घरी परतणारे कॅन्टोन्मेंटचे अग्निशमन प्रमुख वाटेतच अपघातात गेले, हे आमच्यातल्या पुष्कळांना आठवत होते. त्या सकाळी अंगणात झालेल्या उपासनेत पहिली प्रार्थना या जवानांसाठी झाली.

इमारतीसाठी मी आपल्याकडे काही मागत नाही. काळ्या दगडाच्या भिंती उभ्या आहेत. उष्णतेने दरजांमधला चुना भुसभुशीत झाला आहे, आणि तो खरवडून पुन्हा चुनाच भरायचा, सिमेंट भरायचे नाही, हे जाणत्या गवंड्यांनी आम्हाला पटवले आहे, कारण सिमेंटमुळे भिंतीत ओल कोंडते आणि दगड कालांतराने झिजू लागतो. सागाच्या तुळया वरून कोळसा झालेल्या दिसतात, पण सुताराने रंधा मारून वरचा थर उतरवला तेव्हा आत तांबूस, पक्के लाकूड निघाले, आणि १४ पैकी ५ तुळया पुन्हा चढवता येतील असे तो म्हणतो. शेजारच्या गणेशोत्सव मंडळाने आपल्या मांडवाचे पत्रे आणि वासे स्वतःहून आणून उभे केले, गल्लीतल्या भजनी मंडळाने पेटी दिली, आणि पुनरुत्थानदिनाची (ईस्टरची) पहाटेची उपासना आम्ही त्याच मांडवात केली. मंडळीतल्या स्त्रियांनी मूठमूठ तांदूळ बाजूला काढून, ते विकून दान जमा करण्याची आमच्या आज्यांच्या काळातली रीत पुन्हा सुरू केली आहे. छप्पर होईल, आणि ते आम्ही करू.

जे आमच्या हातांनी पुन्हा होणार नाही, ते वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीतल्या, लोखंडी कपाटात होते. कपाट पेटले नाही, तापले, आणि नंतर त्यात पाणी शिरले. मिटलेल्या जाड वहीत हवा शिरत नाही म्हणून ती मधोमध सहसा जळत नाही, कडांनी आत आत करपत जाते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. एकूण ९ रजिस्टरांपैकी ४ पूर्ण गेली. उरलेल्या पाचांची पाने चारी बाजूंनी काळी आणि मध्ये तपकिरी झाली आहेत. संडे स्कूलच्या खोलीत पंख्याखाली आम्ही आठजणींनी प्रत्येक पान पातळ पट्टीने सोडवून त्याखाली टिपकागद घातला. हे काम १९ दिवस चालले. बोरूने आणि टाकाने लिहिलेली जुनी काळी अक्षरे पाण्यातही टिकली. १९५० नंतरची फाउंटन पेनच्या निळ्या शाईतली पाने मात्र अशी पसरली आहेत की, माझ्या आईच्या बाप्तिस्म्याच्या ओळीत आता फक्त तारीख आणि पाळकसाहेबांच्या सहीचा शेपटा दिसतो.

महोदय, या वह्यांत केवळ चर्चचा कारभार असतो असा समज आहे, म्हणून त्यांत काय होते ते थोडे सांगते. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात बापाच्या धंद्याचा एक रकाना असतो, आणि तो वरून खाली वाचत गेले की पूर्व पुण्याचा शंभर वर्षांचा संसार डोळ्यांपुढे येतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला फिटर, साहेबाच्या बंगल्यावरचा बटलर, रेल्वेतला गार्ड, मिशनच्या शाळेतला मास्तर आणि मास्तरीण, ससून रुग्णालयातली नर्स (ती आई असली तरी तिचा धंदा कोणीतरी समासात आवर्जून लिहिला आहे) असे लोक तिथे एकाखाली एक आहेत. दफनाच्या रजिस्टरात १८९७ साली मरणाच्या कारणापुढे ‘प्लेग’ हा शब्द इतक्या वेळा येतो की, लिहिणाऱ्याने पुढे नुसत्या खुणा केल्या आहेत. १९१८ च्या पावसाळ्यानंतरच्या पानांवर ‘मानमोडी’ (इन्फ्लुएन्झाची साथ) आहे, एकाच घरातली तीन तीन नावे सलग आहेत. लग्नाच्या रजिस्टरातल्या साक्षीदारांच्या जुन्या सह्या मोडीत आहेत. यातले बरेचसे आता वाचता येत नाही.

जुन्या दिवसांच्या आठवणीपुरतीच ही हानी असती, तर मी आपल्याला पत्र लिहिले नसते. आमच्या मंडळीतले ७८ वर्षांचे एक निवृत्त कामगार पत्नीचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी लावून घ्यायला एका कार्यालयात गेले. तिथे त्यांना विवाहाची प्रमाणित नोंद आणायला सांगण्यात आले. रजिस्टर जळाले म्हटल्यावर जळाल्याचा दाखला आणायला सांगण्यात आले. पोलिसांचा पंचनामा आणि अग्निशमन दलाचा अहवाल नेल्यावर, यावरून आग लागली हे कळते, लग्न झाले हे कळत नाही, असे उत्तर मिळाले. त्या बाबांची बायको त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. त्यांच्या लग्नाला ५१ वर्षे झाली आहेत. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही, कारण त्याच्या नियमपुस्तिकेत जळालेल्या चर्चविषयी एक ओळही नाही. पण ती ओळ कोणीतरी लिहायला हवी, आणि ते आपल्या अधिकारात आहे.

मुख्य गोष्ट अशी की, विवाहाच्या बाबतीत ही नोंद खरे तर नष्ट झालेलीच नाही. आमच्या मंडळीचे विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली परवानाधारक पाळक लावतात. त्या कायद्याप्रमाणे पाळकाने नोंद दोनदा करायची असते, एकदा रजिस्टरात आणि एकदा रजिस्टराला जोडलेल्या प्रमाणपत्रावर. ते प्रमाणपत्र वहीतून वेगळे करून विवाह निबंधकांकडे पाठवायचे आणि त्यांच्यामार्फत ते महानिबंधकांकडे जमा व्हायचे, अशी ही रचना आहे. शासनाकडे एक प्रत राहिली म्हणजे एखाद्या गावची वही वाळवीने खाल्ली, पुरात गेली किंवा जळाली तरी माणसांची लग्ने पुसली जाऊ नयेत, एवढी दूरदृष्टी दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यात आहे. नोंद तपासण्याची आणि शुल्क भरून तिची नक्कल घेण्याची मुभाही त्याच कायद्याने दिली आहे, आणि अशी प्रमाणित नक्कल विवाहाचा पुरावा म्हणून चालते. आमच्या करपलेल्या लग्नाच्या रजिस्टरात, शिवणीजवळ, फाडलेल्या प्रमाणपत्रांच्या अरुंद पट्ट्या अजून शाबूत आहेत. प्रत्येक पट्टी सांगते की, या लग्नाचा दुसरा कागद इथून निघून शासनाकडे गेला आहे.

तेव्हा माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती अशी की, आमच्या मंडळीत झालेल्या विवाहांची जी प्रमाणपत्रे निबंधकांच्या दप्तरात आहेत, ती शोधून त्यांच्या प्रमाणित नकला संबंधित कुटुंबांना शुल्क न घेता द्याव्यात आणि एक संच मंडळीला द्यावा, असा आदेश आपण संबंधित विभागाशी बोलून काढवून घ्यावा. एकेकट्या वृद्धाने अर्ज करून दप्तराच्या खोलीबाहेर बसण्यापेक्षा, वर्षवार गठ्ठे एकदाच काढून पाहणे शासनालाही सोपे जाईल. पाने लावण्यासाठी मनुष्यबळ कमी पडत असेल, तर आमच्या तरुण संघातली मुले अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली हे काम विनामोबदला करायला तयार आहेत.

बाप्तिस्म्याच्या नोंदींचे दुःख याहून मोठे आहे, कारण त्यांची दुसरी प्रत शासनाकडे नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधी घरीच बाळंत झालेल्या कित्येक बायकांच्या मुलांची जन्मतारीख फक्त चर्चच्या वहीतच लिहिली गेली. अनुसूचित जातींमधून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना आपल्या राज्यात इतर मागास वर्गाचा दाखला मिळतो, आणि त्याच्या पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा कुठे राहत होते, काय काम करत होते, कोणत्या समाजातले होते, हे सांगणारा त्या काळचा कागद पुष्कळ घरांत बाप्तिस्म्याचा उताराच असतो. यंदा बारावी झालेल्या आमच्या दोन मुलींना पुढच्या प्रवेशासाठी जात पडताळणी हवी आहे आणि त्यांच्या पणजोबांचे पान राख झाले आहे. अशा कुटुंबांसाठी पंचनामा, वहीचा जो काही अंश वाचला असेल त्याचे छायाचित्र, मंडळीतल्या दोन ज्येष्ठांची शपथपत्रे आणि शाळेच्या जुन्या दाखल्यासारखा एखादा पूरक कागद, एवढ्यावर अर्जाचा गुणवत्तेनुसार विचार करावा, असा स्पष्ट शासन निर्णय निघावा ही माझी दुसरी विनंती आहे. पडताळणी सैल करा असे मी म्हणत नाही. आगीमुळे कोणाचा अर्ज दारातूनच परत पाठवला जाऊ नये, एवढेच मागणे आहे. हीच तरतूद पूर किंवा आगीत नोंदी गमावलेल्या कोणत्याही धर्माच्या संस्थेला लागू व्हावी, असे मला मनापासून वाटते.

शेवटची गोष्ट आमच्या उपयोगाची नाही, कारण आमच्यासाठी उशीर झाला आहे. नाना पेठेतल्या चर्चला सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ साली, जागा मिळाली. कॅम्पातले सेंट मेरीज १८२५ सालचे. गुरुवार पेठेतले पंचहौदाचे पवित्र नाम देवालय १८८५ च्या सुमाराचे. या आणि यांच्यासारख्या जुन्या चर्चमध्ये, तशीच जुन्या मशिदींत आणि मठांत, कपाटे भरून कागद आहेत आणि त्यांवरून कुठे कुठे आमच्यासारखीच जुनी वायरिंग गेलेली असणार. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या वाड्यांतली किती दप्तरे चिखलात गेली, हे पुण्याला नव्याने सांगायला नको. आणि कागद जपण्याचे ज्ञान तर याच शहरात आहे. पेशवे दप्तर सांभाळणारे शासनाचे पुरालेखागार इथे आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि भांडारकर संस्था १९१७ पासून हेच काम करीत आली आहे, आणि मोडी वाचणारी माणसे आजही इथे आहेत. पुरालेखागाराच्या तज्ज्ञांनी अशा संस्थांत जाऊन रजिस्टरांची जागेवरच छायाचित्रे घ्यावीत, यासाठी आपल्या विभागाने एक छोटी योजना आखावी. मूळ वह्या संस्थेच्याच ताब्यात राहाव्यात, त्या कोणीही उचलून नेऊ नयेत, आणि हयात माणसांच्या नोंदी संस्थेच्या संमतीशिवाय कोणाला दाखवू नयेत, या दोन अटी मात्र योजनेत आरंभीच लिहाव्यात. त्या नसतील तर मंडळ्या कपाटे उघडणार नाहीत, आणि त्यांची ती भीती रास्त असेल.

ज्यांना येत्या सहा महिन्यांत विवाहाची किंवा बाप्तिस्म्याची नोंद कोणत्या ना कोणत्या कार्यालयात दाखवायची आहे, अशा ४३ कुटुंबांची यादी, पंचनामा आणि अग्निशमन दलाच्या अहवालाची प्रत असे कागद मी आपल्या कार्यालयात स्वतंत्रपणे पाठवत आहे. खासगी बाबी असल्यामुळे ते या खुल्या पत्रात दिलेले नाहीत. उरलेली पाने संडे स्कूलच्या खोलीत कापडाखाली ठेवली आहेत. आपले अधिकारी कोणत्याही दिवशी येऊन ती पाहू शकतात. खोलीची किल्ली माझ्याकडे असते.

आपली नम्र,
मंडळीच्या कमिटीची एक सदस्य,
पुणे