पावसाळ्याआधी आम्हाला तीन छपरं द्या

मा. जिल्हाधिकारी, पुणे यांस,

स.न.वि.वि.

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, तेव्हा बातमी बाहेर आली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीला तो आला, तर गाव जागेवर नव्हतं. दीडशेहून अधिक माणसं गेली. कुठल्याही रेडिओने तो डोंगर थांबला नसता, हे मला कळतं. पण निरोपाला एसटीची वाट पाहावी लागली, हे अजून मनातून जात नाही.

आम्ही काही पुणेकर हौसेने मेशटॅस्टिकचे नोड, म्हणजे एकमेकांना मजकूर पोहोचवणारे छोटे रेडिओ, बांधतो. कमी विजेवर लांब पोहोचणाऱ्या लोरा रेडिओची चिप, एक बॅटरी, अँटेना. डबा जेवणाच्या डब्याएवढा. मोबाइलचा टॉवर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. एक नोड ऐकतो आणि पुढच्याला सांगतो. 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. बोलणं जात नाही, फक्त मजकूर, तोही सव्वादोनशे बाइटच्या आसपास. देवनागरीत काना-मात्राही वेगळी मोजली जाते आणि प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. तरी ‘दरड कोसळली, रस्ता बंद, दोघे जखमी’ एवढं त्यात आरामात बसतं.

सिंहगडावरून कोथरूडमधल्या माझ्या गच्चीवर निरोप थेट पोहोचला. हवाई अंतर 15 किलोमीटरहून जास्त. गडाच्या पलीकडे वेल्ह्याच्या बाजूला उतरलो आणि सगळं गप्प झालं. ही लहर डोंगर ओलांडत नाही. मध्ये उंचावर कुणीतरी ऐकणारा हवाच, आणि मदत जिथे लागते तिथे आमच्यापैकी कुणाचंही घर नाही.

म्हणून साहेब, मागणी छपराची आहे. आंबेगाव तालुक्याच्या डोंगराळ भागात उंचावरच्या तीन सरकारी इमारती, शाळा किंवा तलाठी कार्यालय, यांवर सौर पॅनेलसह एकेक नोड बसवू द्या, आणि चौथा आपत्ती नियंत्रण कक्षात ठेवा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आपणच आहात, त्यामुळे हे पत्र आपल्यालाच. सरकारची प्रकार-मान्यता असलेलीच उपकरणं वापरू, खर्च आमचा, देखभालही आमची. जिल्ह्याच्या वाहिनीची किल्ली, म्हणजे तिच्यावर निरोप पाठवायला लागणारा गुप्त संकेत, मात्र आपल्याकडेच राहावी. खोटा निरोप घुसला तर गावकरी पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत.

निरोप पोहोचेलच अशी हमी ही यंत्रणा देत नाही. त्यासाठीच जूनच्या आत चाचणी हवी. आपला माणूस सोबत द्या. कुठल्या वाडीतून ऐकू येतं आणि कुठून नाही, ते पायी फिरून नकाशावर मांडून देऊ.

आपला,
कोथरूडचा एक हौशी रेडिओवाला